कलकत्त्याचा एक हरलेला डाव

व्यापारी घरांत जुन्या वह्या सहसा टाकून दिल्या जात नाहीत. व्यवहार मिटलेला असतो, देणेघेणे फिटलेले असते, तरीही लाल कापडात बांधलेली कीर्द माळ्यावर जपली जाते. कधीतरी एखाद्या पेढीला खोट आली, की घरातले वडीलधारे ती वही खाली काढतात आणि एकेक नोंद बोटाने वाचत मागे जातात. खोट उघडकीस आली तो दिवस आणि ती प्रत्यक्षात सुरू झाली तो दिवस यांत किती अंतर होते, हे त्या वाचनातूनच कळते.

बुद्धिबळाच्या डावाची लेखी नोंद अशाच कीर्दीसारखी असते. ती कोणाचे कौतुक करीत नाही आणि कोणाची कड घेत नाही. कोणते मोहरे कोणत्या घरातून कोणत्या घरात गेले, एवढेच तिच्यात असते. मात्र पट मांडून त्या चाली पुन्हा खेळल्या, की दीडशे वर्षांपूर्वीच्या दोन माणसांची मने समोर उघडी होतात. नामांकित विजेत्यांचे डाव पुष्कळ अभ्यासले जातात. पण घरच्या पटावर खेळणाऱ्याला साध्या माणसांचा, विशेषतः हरलेला डाव अधिक शिकवतो. कारण त्यातील चूक ही आपण स्वतः करू अशीच असते. कलकत्त्यात मे १८५५ मध्ये खेळला गेलेला एक डाव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

त्या डावात पांढरी मोहरी जॉन कॉकरन यांच्याकडे होती. त्यांचा जन्म १७९८ चा, मूळ स्कॉटिश आणि पेशा वकिलीचा. १८२२ साली त्यांनी बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला होता आणि नंतर ते हिंदुस्थानात वकिलीसाठी आले. १८४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते लंडनला असताना हॉवर्ड स्टाँटन या तेव्हाच्या अग्रगण्य खेळाडूशी त्यांचे पुष्कळ डाव झाले. त्यानंतर ते कलकत्त्याला परतले. दिवसा न्यायालय आणि फावल्या वेळी पट, असा त्यांचा क्रम असे. बुद्धिबळ हा त्यांचा छंद होता, उपजीविका नव्हे.

काळी मोहरी महेशचंद्र बॅनर्जी यांच्याकडे होती. इंग्रजांच्या कागदांत त्यांचे नाव चार तऱ्हांनी लिहिलेले आढळते. कलकत्त्याच्या बुद्धिबळ मंडळातील एका सभासदाच्या कानावर आले, की मुलखात एक ब्राह्मण असा आहे, ज्याला आजवर कोणी हरवलेले नाही. त्याचा शोध लागला, कॉकरन यांच्याशी गाठ पडली, आणि १८४८ पासून या दोघांचे डाव सुरू झाले. बॅनर्जी देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळत वाढले होते. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाते, किल्लेकोट नसतो आणि त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी मारता येते. आपल्याकडच्या जुन्या घरांतही अशीच रीत होती. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप युरोपीय रीतीला जुळवून छापले गेले, ते याच दोन पद्धतींमधील अंतर सांधण्यासाठी. बॅनर्जींनी युरोपीय नियम प्रौढपणी आत्मसात केले. पण पटाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी मात्र त्यांची स्वतःची राहिली.

कॉकरन यांनी कलकत्त्यातील डाव टिपून ठेवले, आणि त्यांतील शेकडो डाव आज उपलब्ध आहेत. ते टिपले नसते, तर बॅनर्जींचे नाव त्यांच्या गावाबाहेर टिकले नसते. प्रस्तुत डाव ते हरले आहेत. तरीही त्यांचे नाव ज्या डावांमुळे आज जगभर घेतले जाते, त्यांत या हरलेल्या डावाचे स्थान वरचे आहे. हे कसे, ते पट मांडल्यावरच उलगडते.

वाचकांनी पट समोर घ्यावा. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभे स्तंभ ए, बी, सी, डी, ई, एफ, जी आणि एच असे, आणि आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८ अशा. आधी पांढऱ्याची चाल, आडव्या रेघेनंतर काळ्याची. केवळ घराचे नाव असेल तेथे प्यादे हलले असे समजावे.

१. डी४ – घोडा एफ६, २. सी४ – जी६, ३. घोडा सी३ – डी५, ४. ई३ – उंट जी७, ५. घोडा एफ३ – किल्लेकोट.

येथे क्षणभर थांबावे. त्या काळच्या युरोपात मधली घरे प्रथम आपल्या प्याद्यांनी अडवावीत हा जवळजवळ नेम होता. बॅनर्जींनी आधी घोडा काढला, उंटासाठी कडेची खिडकी उघडली, आणि मग डी५ हे प्यादे पुढे टाकून पांढऱ्याला मध्यभाग घेऊ दिला. मध्यभाग सोडून द्यायचा आणि नंतर दुरून त्याच्यावर मारा करायचा, हा विचार त्यामागे होता. तो विचार त्या वेळी विचित्र वाटला असणार. १९२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी हीच मांडणी स्पर्धांत आणली आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथे तिच्या बळावर अलेखाइन यांना हरवले. तेव्हापासून ती ग्रुनफेल्ड बचाव म्हणून ओळखली जाते. १९५६ मध्ये न्यूयॉर्कला तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्न यांच्याविरुद्ध जो प्रसिद्ध डाव जिंकला, त्याचा आरंभही याच जातीचा. या मांडणीचा सर्वांत जुना ज्ञात डाव मात्र कलकत्त्याचा आहे, ग्रुनफेल्ड यांच्या सदुसष्ट वर्षे आधीचा. काळ्याच्या अशा अनेक आरंभांना पुढे जे ‘इंडियन’ हे नाव पडले, त्याचे मूळही बॅनर्जींच्या खेळात सांगितले जाते.

६. सी प्याद्याने डी५ मारले – घोड्याने डी५ मारले, ७. उंट ई२ – घोड्याने सी३ मारले, ८. बी प्याद्याने सी३ मारले – सी५, ९. किल्लेकोट – सी प्याद्याने डी४ मारले, १०. सी प्याद्याने डी४ मारले – घोडा सी६, ११. उंट बी२ – उंट जी४, १२. हत्ती सी१ – हत्ती सी८.

आता पटावरील चित्र पाहावे. पांढऱ्याचे डी४ हे प्यादे मध्यभागी दिमाखात उभे आहे, आणि काळ्याचा जी७ वरील उंट, सी६ वरील घोडा व मागचा वजीर अशी तीन मोहरी त्याच्यावर रोखलेली आहेत. जी४ वरील उंट त्या प्याद्याचा पाठीराखा घोडा अडवून बसला आहे. दोन्ही बाजूंची मोहरी संख्येने सारखी आहेत. डाव येथेच थांबवून कोण जिंकेल असे विचारले, तर अनेक जण काळ्याच्या बाजूने कौल देतील. डावाचा आरंभ बॅनर्जींनी चांगला केला होता, हे नोंदच सांगते.

१३. उंट ए३ – वजीर ए५, १४. वजीर बी३ – एफ८ वरचा हत्ती ई८, १५. हत्ती सी५ – वजीर बी६, १६. हत्ती बी५ – वजीर डी८.

डावाचा जीव या चार जोड्यांत आहे आणि घाईने खेळणारा नेमका येथून पुढे धावतो. कॉकरन यांचा उंट ए३ वर आला आणि काळ्याच्या ई७ प्याद्यावर त्याची नजर पडली. तोपर्यंत ते प्यादे वजीर आणि घोडा असे दोघे सांभाळत होते. बॅनर्जींनी वजीर ए५ वर नेऊन त्या उंटावर हल्ला केला. त्याच क्षणी ई७ चा एक राखणदार कमी झाला. कॉकरन यांनी वजीर बी३ वर आणला. या एका चालीने तीन कामे झाली: उंटाला आधार मिळाला, बी७ वर दाब आला, आणि तिरक्या रेषेत राजाशेजारच्या एफ७ प्याद्यावर नेम धरला गेला. बॅनर्जींचे लक्ष ई७ कडे होते. ते सांभाळण्यासाठी त्यांनी एफ८ वरचा हत्ती ई८ वर घेतला. चाल सरळ आणि समजण्यासारखी आहे. पण त्या हत्तीने जागा सोडली तेव्हा एफ७ ला राजावाचून दुसरा राखणदार उरला नाही.

मग दोन चालींत कॉकरन यांच्या हत्तीने काळ्या वजिराला ए५ वरून बी६ वर आणि बी६ वरून पुन्हा डी८ वर हाकलले. वजीर तीन चाली फिरून होता त्याच घरी परत आला. तो परत येताच ई७ चे रक्षण पूर्ववत झाले, म्हणजे ज्या कामासाठी हत्ती हलवला होता ते काम आता शिल्लक राहिले नाही. हत्ती मात्र ई८ वरच राहिला, आणि त्याला परत आणण्याची सवड पुढे मिळाली नाही. एका कोठीचा पहारेकरी दुसऱ्या कोठीवर तात्पुरता पाठवावा, दुसऱ्या कोठीचा मूळ पहारेकरी परत यावा, आणि तरीही पहिली कोठी उघडीच राहावी, तसे हे झाले.

या ठिकाणी आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. बी५ वरचा पांढरा हत्ती आता बी७ चे प्यादे फुकट मारू शकतो असे दिसते. त्याने ते मारले असते, तर काळ्याचा घोडा ए५ वर उडी घेऊन एकाच वेळी वजीर आणि हत्ती या दोघांवर चालून गेला असता. ए५ ची ती उडी हा काळ्याचा दडवलेला डाव होता. कॉकरन त्या प्याद्याला भुलले नाहीत.

१७. घोडा जी५ – उंटाने ई२ वरचा उंट मारला, १८. घोड्याने एफ७ मारले – घोडा ए५.

घोडा जी५ ही चाल दुधारी आहे. घोडा बाजूला होताच मागचा पांढरा उंट काळ्याच्या जी४ वरील उंटावर खुला झाला, आणि वजीर व घोडा मिळून एफ७ वर तुटून पडले. बॅनर्जींनी पांढरा उंट मारला. त्या क्षणी त्यांच्या बाजूचा हिशेब मांडून पाहावा. एक उंट पदरात पडला होता. तो मारणारा त्यांचा उंट आता ई२ वरून बी५ आणि एफ१ अशा दोन्ही पांढऱ्या हत्तींवर रोखलेला होता. पुढच्याच चालीला घोडा ए५ वर गेला आणि पांढऱ्या वजिरावरही हल्ला झाला. एक उंट हाती, दोन हत्ती आणि वजीर तोंडाशी. जमेच्या बाजूला एवढ्या रकमा क्वचितच एकत्र दिसतात. आणि कीर्दीच्या याच पानावर डाव संपतो. नोंद येथे थांबते, कारण पांढरा येथून तीन चालींत मात करतो.

त्या तीन चाली कोणत्या, हे वाचकांनी उत्तर वाचण्यापूर्वी पटावर शोधून पाहावे. घरातील मुलांना हे कोडे अवश्य घालावे. सूचना एवढीच, की पांढऱ्याला आपला वजीर गमावण्याची भीती बाळगून चालणार नाही.

उत्तर असे आहे. पांढरा घोडा एफ७ वरून एच६ वर जातो. तो स्वतः शह देतो आणि त्याच्या हटण्याने बी३ वरील वजिराची तिरकी वाटही मोकळी होऊन तोही शह देतो. दुहेरी शहात एका मोहऱ्याला मारून किंवा मध्ये मोहरे घालून सुटका होत नाही; राजालाच हलावे लागते. तो एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर येऊन लगेच मात. तो एच८ वर गेला तर वजीर थेट त्याच्या शेजारी जी८ वर जाऊन बसतो. घोड्याचा आधार असल्याने राजा त्याला मारू शकत नाही, म्हणून हत्तीने मारावे लागते. हत्ती जी८ वर येताच राजाच्या सर्व वाटा त्याच्याच मोहऱ्यांनी बंद होतात: शेजारी हत्ती, पुढे प्यादे, तिरका उंट. मग घोडा पुन्हा एफ७ वर येतो आणि मात होते. हा घाट फार जुना. लुसेना या स्पॅनिश लेखकाच्या १४९७ सालच्या ग्रंथातही तो आहे. आपल्याच माणसांच्या गर्दीत राजा गुदमरतो, असा हा शेवट आहे. ज्या हत्तीने एफ८ सोडले, तोच शेवटी जी८ वर येऊन राजाची अखेरची वाट अडवतो.

आता मागे वळून पाहावे. सतराव्या चालीला दुसरे काही करता आले असते का? उंट जी४ वरून ई६ वर घेतला असता, तर तो स्वतः वाचला असता, एफ७ कडे जाणारी तिरकी वाट बंद झाली असती आणि पांढऱ्या वजिरावर उलट हल्लाही झाला असता. पांढऱ्याने मग घोड्याने तो उंट मारून किंवा डी प्यादे पुढे ढकलून काही लाभ मिळवला असता. नुकसान टळले नसते. पण डाव चालू राहिला असता. फुकटचा उंट आणि मागे सरकणारा उंट यांत निवड करायची होती, आणि बॅनर्जींनी फुकटचा निवडला. तेथे बसलेल्या शंभरांपैकी किती जणांनी वेगळे केले असते, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

ए५ वरच्या उडीचेही असेच आहे. दोन चालींपूर्वी, पांढऱ्या हत्तीने बी७ मारले असते तर, ती उडी घातक ठरली असती. खेळाडूच्या मनात अशी चाल एकदा ठसली, की ती खेळण्याची संधी तो शोधत राहतो. दरम्यान समोरची परिस्थिती पालटली होती. एफ७ वर शत्रूचा घोडा येऊन उभा होता. उडी तीच, घर तेच, पण बाजार बदललेला. अठराव्या चालीला खरे तर काळ्याला कोणतीच चांगली वाट उरली नव्हती, म्हणून दोष या उडीचा म्हणता येणार नाही. तरी पूर्वी ठरवलेला सौदा बदललेल्या भावात पुरा करण्याची ओढ कशी असते, ते येथे पटावर स्पष्ट दिसते.

डाव अठराव्या चालीला गेला, सतराव्या चालीच्या मोहाने गेला, पण त्याला भोक चौदाव्या चालीला पडले होते. विशेष म्हणजे चौदावी चाल त्या वेळी चूक म्हणावी अशी नव्हती. समोर दिसणारा धोका तिने निवारला होता. तिच्या पोटातला धोका नंतर, आणखी दोन-तीन गोष्टी जुळून आल्यावर, बाहेर आला. डाव हरल्यावर माणूस बहुधा शेवटच्या चालीला दोष देतो आणि उठून जातो. नोंद असेल तरच मागे जाऊन चौदाव्या चालीपर्यंत पोहोचता येते.

असा अभ्यास घरी करण्याची रीत सोपी आहे. पहिल्या वेळी संपूर्ण डाव न थांबता खेळावा, म्हणजे त्याचा ओघ कळतो. दुसऱ्या वेळी हरणाऱ्याच्या बाजूला बसावे, पुढची चाल कागदाने झाकावी आणि आपण काय खेळलो असतो ते आधी लिहून मगच कागद सरकवावा. तिसऱ्या वेळी शेवटाकडून मागे यावे आणि प्रत्येक चालीला एकच प्रश्न विचारावा: हे मोहरे येथून हलले तेव्हा कोणाचे रक्षण सुटले? या तीन फेऱ्या झाल्यावर हवे तर संगणकाचे मत घ्यावे. आज भ्रमणध्वनीवरील यंत्र क्षणात उत्तम चाल दाखवते; पण ते प्रथमच विचारले तर चूक कोठे झाली एवढेच कळते, ती का करावीशी वाटली हे कळत नाही. बॅनर्जींना तो उंट का मारावासा वाटला, हे समजायला माणूसच लागतो.

घरातील मुले आपसांत खेळतात त्या डावांनाही हीच रीत लावता येते. एक साधी वही, दोन रकाने, आणि डाव हरला तरी चाली पूर्ण लिहिण्याची सवय, एवढे पुरेसे आहे. जिंकलेला डाव मूल आपण होऊन दाखवते. हरलेला डाव त्याने वडिलांसमोर उघडावा आणि वडिलांनी रागावण्याआधी त्याच्याबरोबर पट मांडावा, ही गोष्ट थोडी अवघड असते. पेढीवर बसणाऱ्या मुलाने आपल्या हातून झालेली खोट वहीत खरी लिहावी, अशी अपेक्षा ज्या घरात असते, तेथे या सवयीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

कॉकरन आणि बॅनर्जी यांच्यात तसे पाहता काहीच समान नव्हते. एक राज्यकर्त्यांच्या समाजातला वकील, दुसरा बंगालच्या मुलखातला ब्राह्मण. हावड्याहून हुगळीपर्यंत रेल्वे सुरू होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि पुढच्या दोनच वर्षांत देशात मोठा उठाव व्हायचा होता. पटावर मात्र दोघांची सोळा-सोळा मोहरी सारखी होती आणि नोंदवहीत दोघांच्या चाली सारख्याच अक्षरांत उतरल्या. कॉकरन १८६९ मध्ये निवृत्त होऊन लंडनला परतले आणि १८७८ मध्ये वारले. घोड्याचा बळी देऊन एफ७ वर घाला घालणाऱ्या एका आक्रमणाला आज त्यांचे नाव आहे, आणि त्याची पहिली ज्ञात नोंद १८४८ च्या डावातली, तीही बॅनर्जींच्याच विरुद्धची. बॅनर्जींनी ज्या मांडणीने हा १८५५ चा डाव सुरू केला, ती आज जगज्जेतेपदाच्या लढतींत खेळली जाते. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या चाली प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या, म्हणून दोघेही उरले.

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर अर्धा तास काढून हा डाव एकदा काळ्या बाजूने खेळून पाहावा. चौदाव्या चालीला हत्तीवर हात जाईल, तेव्हा थोडे थांबावे.